ब्लू लँटर्न्सची व्हिनी

व्हिनी टॉलिव्हर गायला लागली की तिची आई स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. मुलीचा आवाज तिला आवडत नव्हता असं नाही. पण आवाज रस्त्यावर गेला की त्याच्यामागे पोरगीही जाईल आणि मग ती कुठवर जाईल ते आपल्या हातात राहणार नाही, असं तिला वाटायचं. आईला सगळी वस्ती मिस कॉर्डेलिया म्हणायची. ती मूळची जॉर्जियातली. तरुणपणी पिट्सबर्गला आली ती पुन्हा तिकडे गेली नाही, भावाच्या मयतालाही नाही. तिकडचं काही विचारलं तर म्हणायची, "तिकडे ऊन फार." तेवढंच.

व्हिनी पुढे माझी बायको झाली, म्हणून हे सगळं मला आतून माहीत आहे. पण तेव्हा, १९५५ साली, आम्ही नुसते एका जिन्याखाली गाणारे चौघे होतो. लेम्युएल गेन्सचा आवाज सगळ्यात खालचा, रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा. होरेस पेटिफर्डचा सगळ्यात वरचा, आणि त्याचं तोंड गाणं नसतानाही चालू असायचं. मधला आवाज माझा. माझं नाव गस. मधल्या आवाजाची कोणी तारीफ करत नाही, पण तो चुकला तर सगळ्यांना कळतं. आणि आमच्या पुढे व्हिनी. वाद्य एकही नाही. लेम्युएल 'डूम, डूम' करायचा, होरेस आणि मी 'शू-ला, शू-ला' म्हणत मागे डोलायचो आणि त्यावर व्हिनी गायची. जिन्याखाली आवाज घुमायचा म्हणून तिथे गायचो. या गाण्याला लोक पुढे डू-वॉप म्हणायला लागले. आम्ही नुसतं "चला जिन्याखाली" म्हणायचो.

व्हिनी रंगाने फार उजळ होती. बाप पोलादाच्या भट्टीवर काम करणारा, काळाकुट्ट. आई गव्हाळ. आणि ही सायीसारखी, राखाडी डोळ्यांची. आमच्या काळ्या लोकांत असं एखादं मूल जवळजवळ प्रत्येक कुळात निघतं. ते कुठून आलं, गुलामीतल्या कुठल्या गोऱ्या मालकाकडून, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी विचारत नाही. आमच्या वस्तीत तिच्याकडे कोणी वळून बघत नव्हतं. होरेस तेवढा चिडवायचा.

"व्हिने, तू आमच्यात उभी राहिलीस की कॉफीत साखरेचा खडा पडल्यासारखं दिसतं."

"मग ढवळ ना," व्हिनी म्हणायची, "नाहीतर कडूच राहशील."

वायली अव्हेन्यूवर मिस्टर बॅस्कम यांचं रेकॉर्डचं दुकान होतं. त्यांनी आम्हाला ऐकलं, 'ब्लू लँटर्न्स' असं नाव दिलं आणि दुकानामागच्या खोलीत आमची एक रेकॉर्ड काढली. गाण्याचं नाव होतं 'फाटकापाशी थांब'. काय झालं कोण जाणे, पण ते गाणं रेडिओवर लागायला लागलं. आधी आमच्या शहरात, मग दक्षिणेतल्या कुठल्या कुठल्या स्टेशनांवर. उन्हाळ्यात मिस्टर बॅस्कम म्हणाले, "कॅरोलायनातून, जॉर्जियातून बोलावणी आली आहेत. तंबाखूच्या गोदामांत नाच ठेवतात, तिथे गायचं. आज गेलात तर गेलात. पुढच्या वर्षी तुम्हाला कोण ओळखतो?"

जाण्याच्या आदल्या दिवशी मिस कॉर्डेलियाने आम्हा तिघांना घरी बोलावलं. टेबलावर मक्याची भाकर होती. तिला कोणी हात लावला नाही, कारण बाई उभीच होती.

"गाडी कोण चालवणार?"

"मी, बाई," लेम्युएल म्हणाला. गाडी त्याच्या काकांची होती.

"ही कुठे बसणार?"

"मागे, कोपऱ्यात."

"शेजारी कोण?"

लेम्युएलला प्रश्नच कळला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

"नीट ऐका," मिस कॉर्डेलिया म्हणाली. "गाडी रस्त्यावर असताना हिच्याकडे बघून हसायचं नाही. उतरताना हात द्यायचा नाही. हिचा रुमाल डोक्यावरून काढू द्यायचा नाही. ती तपकिरी पावडर आणलीय ना, ती रोज सकाळी लावायची, आणि पुसली की परत लावायची."

पावडर मिस्टर बॅस्कमनीच दिली होती. गोरी मुलगी काळ्या पोरांबरोबर गातेय असं लांबून दिसलं तर रंगमंचावर बाटल्या येतील, असं त्यांचं म्हणणं.

"मग गायचं कसं, मिस कॉर्डेलिया?" होरेस म्हणाला. "तिच्याकडे पाठ करून?"

"हस बाबा, हसून घे. तिकडे याहून लहान गोष्टीवरून पोरं नदीत सापडतात."

 व्हिनी मात्र जिन्यात आल्यावर म्हणाली, "आईचं काय घेऊन बसलात. ती मांजर आडवं गेलं तरी दार लावते." तेव्हा तिला भीती वाटत नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर तिला ओळखणाऱ्यांना वाटायचं की ती जन्मतःच तशी असावी.

पहिले काही कार्यक्रम चांगले झाले. गोदामाच्या मधोमध दोर बांधलेला असायचा, एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला आपले. आम्ही गाताना समोरच्या भिंतीकडे बघायचो, म्हणजे नजर कुठल्याच बाजूला पडायची नाही. दोर कधी कधी हलायचा, नाचणाऱ्यांचा धक्का लागून, आणि दारातले पोलीस पुढे यायचे. अशा वेळी लेम्युएलचा खर्ज किंचित थरथरायचा. ते फक्त आम्हालाच कळायचं. निजायला कोणाच्या तरी घरी, चर्चच्या माणसांकडे. खायला डब्यात नेलेलं कोंबडीचं तळण आणि वाटेत कोणी बांधून दिलेलं. हॉटेलात काळ्यांना घेत नसत.

आणि मग ते गाव. त्याचं नाव मी अजूनही घेत नाही.

दुपारची वेळ होती. उन्हाने गाडीचा पत्रा इतका तापला होता की हात टेकवत नव्हता. व्हिनीच्या चेहऱ्यावरून पावडरीचे ओघळ गळ्यात उतरत होते. तिने डोक्यावरचा रुमाल सोडून ओला केला, त्याने तोंड पुसून काढलं आणि म्हणाली, "गावाच्या पुढे गेल्यावर लावते." आम्ही कोणी तिला अडवलं नाही. सगळेच घामाने बेजार झालो होतो. पेट्रोलसाठी थांबलो. दुकानाच्या ओसरीवर एक गोरी बाई खुर्चीत बसून हातपंख्याने वारा घेत होती. तिने गाडीत निरखून बघितलं आणि तिचा पंखा थांबला. मी ते बघितलं. लेम्युएलनेही बघितलं असावं, कारण टाकी पुरती भरायच्या आधीच त्याने झाकण लावलं.

गाव मागे पडायच्या आतच पोलिसाची गाडी आडवी आली.

तो उतरला. वयाने फार नव्हता, चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. लेम्युएलशी बोललाच नाही. सरळ मागच्या दाराशी आला, ते उघडलं, टोपी काढली आणि व्हिनीला म्हणाला, "बाईसाहेब, तुम्ही बऱ्या आहात ना?"

त्याने शिव्या दिल्या असत्या तर आम्हाला सवय होती. त्या 'तुम्ही'ची नव्हती. होरेसची मांडी माझ्या मांडीला लागली होती. ती उडत होती. मी ती दाबून धरली.

"मी बरी आहे, साहेब," व्हिनी म्हणाली. "मी काळीच आहे. हे माझे जोडीदार, आम्ही गातो."

"घाबरू नका. आता मी आहे. यांच्यासमोर बोलायची गरज नाही."

"खरंच सांगते, साहेब. माझा बाप पिट्सबर्गला भट्टीवर कामाला आहे. हवं तर तिकडे फोन करून विचारा."

"फोनवर कोणीही काहीही सांगेल, बाईसाहेब." मग त्याने पहिल्यांदा आमच्याकडे बघितलं. "ए, उतरा. हात दिसू द्या."

आम्हाला तुरुंगाच्या मागच्या अंगणात नेऊन भिंतीला तोंड करून उभं केलं. व्हिनीला सावलीत खुर्ची दिली, थंड पाण्याचा पेला दिला. आमच्या मागे फाटकातून माणसं येत होती ते बुटांच्या आवाजावरून कळायचं. आधी एक-दोघं. मग एक ट्रक थांबला, त्याची दारं वाजली. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. तंबाखू थुंकल्याचा आवाज यायचा. माझ्या नाकासमोर विटांच्या फटीत मुंग्यांची रांग होती. मी तिच्याकडे बघत राहिलो, कारण डोळे मिटले तर पडेन असं वाटत होतं. शेजारी लेम्युएल देवाचं नाव घेत होता, त्याच्या त्या खोल आवाजात, अगदी हळू. होरेसने विजार ओली केली होती. एरवी सगळ्यात आधी चिडवणारा तोच. आम्ही त्याला जन्मात त्यावरून चिडवलं नाही.

व्हिनी पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. ती जितकं सांगत होती तितकी ती घाबरून खोटं बोलतेय असं त्यांना वाटत होतं.

शेवटी कोणीतरी म्हणालं, "स्वयंपाकवालीला बोलवा. ही लोकं आपली माणसं बरोबर ओळखतात."

तुरुंगाच्या स्वयंपाकघरात झेला नावाची एक म्हातारी बाई होती. पोलिसाने हाक मारली, "झेला मावशी, इकडे ये जरा. ही कोण आहे सांग. आपली की तुमची?"

मला ती दिसली नाही. मी भिंतीकडे तोंड करून होतो. फक्त तिच्या सपाता ऐकू आल्या. सावकाश आल्या, आमच्या मागून गेल्या, तिथे क्षणभर थांबल्या, मग व्हिनीच्या खुर्चीपाशी गेल्या.  मग एक सणसणीत थप्पड वाजली.

"तुझ्या आईला ठाऊक आहे का गं तू इथे आहेस ते?" झेला म्हणाली. "उघड्या डोक्याने, या टोळभैरवांबरोबर, गावोगाव तोंड वासत हिंडतेस ती? लाज नाही?"



"तू ओळखतेस हिला?" पोलिसाने विचारलं.

"ओळखते म्हणजे? माझ्या नणंदेची नात ही. हिची आजी अशीच, पणजी अशीच. सगळं खानदान कच्च्या पिठाच्या गोळ्यासारखं, साहेब. देव भाजायलाच विसरला यांना."

मागे कोणीतरी हसलं. मग आणखी एकजण. त्या हसण्याने अंगणातली हवा हलल्यासारखी झाली. ट्रकचं दार पुन्हा वाजलं, यावेळी आत बसणाऱ्याने लावल्याचं.

मी मान जराशी वळवली. पोलिसाने टोपी डोक्यावर घातली आणि व्हिनीला म्हणाला, "मग मघापासून खुर्चीत काय बसलीस? ऊठ तिथून. तू आधीच नीट का सांगितलं नाहीस?"

ती आधीपासून तेच सांगत होती. पण ती म्हणाली, "चुकलं, साहेब." त्या 'तू'ने आमच्या जिवात जीव आला. एखाद्याने अरेतुरे केल्यावर इतकं बरं वाटावं, हे मला त्याआधी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं.

"दिवस मावळायच्या आत आमच्या हद्दीबाहेर व्हा," तो म्हणाला.

झेलाने तेवढ्यात व्हिनीच्या डोक्यावर आपल्या कमरेचा फडका बांधला, इतका घट्ट की तिचे डोळे ताणले गेले. बांधताना ती तिच्या कानात म्हणाली, "मागे बघू नकोस." बस्स.

हद्दीवर एक लाकडी पूल होता. तिथवर तो ट्रक आमच्या मागे होता. जवळ यायचा नाही, लांबही राहायचा नाही. लेम्युएल गाडी इतकी हळू चालवत होता की मला ओरडावंसं वाटत होतं, पण तो बरोबर होता, घाई दिसली असती तर संपलं असतं. पुलाच्या पलीकडे गेल्यावर ट्रक वळला. लेम्युएल पुढे बराच वेळ तसाच हळू चालवत राहिला. मग त्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि ओकला.

त्या संध्याकाळचा कार्यक्रम आम्ही केला. करावाच लागला, राहायची सोय तिथेच होती. 'फाटकापाशी थांब'मध्ये व्हिनीचा आवाज वर चढतो ती जागा आली आणि आवाज आला नाही. तिचं तोंड उघडं होतं, डोळे दाराकडे होते. होरेसने ती ओळ उचलली. लोकांना वाटलं गाणं असंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी परतल्यावर तिने आईला काही सांगितलं नाही. पण मिस कॉर्डेलियाने डोक्यावरचा तो परका फडका बघितला, सोडवला, धुतला, इस्त्री केला आणि कपाटात ठेवला. एक प्रश्न विचारला नाही. आमच्यासाठी मात्र तिने त्यानंतर दार उघडलं नाही, वर्षभर.

ब्लू लँटर्न्स त्यापुढे तीनेक वर्षं चालले. व्हिनीच्या जागी होरेस गायला लागला. आणखी दोन रेकॉर्डी निघाल्या, एक तर न्यूयॉर्कपर्यंत वाजली. मग लेम्युएलला लष्करात बोलावणं आलं, गाण्याची तऱ्हा बदलली आणि मिस्टर बॅस्कमनी दुकान विकलं. आमच्या काळात अशा टोळ्या दर कोपऱ्यावर होत्या. आमची बरीच टिकली म्हणायची.

व्हिनीची भीती मात्र तिच्याबरोबर घरी आली होती. बापाबरोबर चर्चला जाताना ती त्याच्या चार पावलं मागे चालायची. बापाला वाटलं पोरीला आता आपली लाज वाटते. त्याने ते मनाला लावून घेतलं. तिने त्याला खरं कारण कधी सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर तो बंदूक घेऊन तिकडे निघाला असता आणि परत आला नसता. शहरातल्या एका मोठ्या दुकानात तिला काउंटरवर नोकरी मिळत होती. मॅनेजर गोड बोलत होता, 'तुम्ही' म्हणत होता. तिला उमगलं की त्याचाही तसाच गैरसमज झालाय. ती पर्स तिथेच टाकून पळत आली. मग तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलं, आपल्याच वस्तीत, जिथे सगळे तिला ओळखत होते.

१९६१ साली आमचं लग्न झालं. तिला मी मागणी घातली तेव्हा ती म्हणाली, "गस, रस्त्यावरून मी तुझ्याबरोबर चालणार नाही. चालेल?"

"घरात चाललीस तरी पुष्कळ," मी म्हटलं.

मला वाटलं, जाईल हळूहळू. गेलं नाही. ट्राममध्ये ती वेगळ्या बाकावर बसायची. मुलगी व्हायच्या वेळी ती रोज प्रार्थना करायची की पोर काळंभोर होऊ दे. झालंही तसंच. नर्सने आणून दिल्यावर तिने पोरीचे कान, नखांच्या कडा, सगळं तपासलं, मोठेपणी रंग कसा येणार ते तिथे कळतं म्हणतात, आणि मग रडली. बरं वाटून. पण मुलगी चालायला लागल्यावर नवीन भीती. बसमध्ये एक गोरी बाई व्हिनीला म्हणाली, "कुणाचं मूल सांभाळता तुम्ही?" त्या दिवशी घरी आल्यावर तिने दाराला खुर्ची लावली आणि मला कामावरून यायला उशीर झाला तर ती खुर्ची काढायलाही तयार होईना. मी दाराबाहेरून बोलत राहिलो. शेवटी मी माझा जुना मधला आवाज लावला, 'शू-ला, शू-ला', तेव्हा खुर्ची सरकली.

मिस कॉर्डेलिया वारली १९७३ साली. कपाट आवरताना तो फडका निघाला. व्हिनीने तो मांडीवर घेतला आणि म्हणाली, "मला तिकडे जायचंय."

मी म्हटलं, "आता काळ बदललाय, जाऊ."

"काळ बदललाय म्हणून नाही. तिला भेटायचंय."

आम्ही बसने गेलो. वाटेत तिचा हात सारखा रुमालाच्या गाठीकडे जात होता. झेला केव्हाच गेली होती. पण शेजारच्या गावात तिची मुलगी लुसिंडा राहत होती, साठीची, जाडजूड, बोलकी. तिने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, पीचचा मुरंबा पुढे केला आणि फडका ओळखला.

"हा आईचाच. तिच्या हातची टीप आहे. म्हणजे ती तू होय? आई पुष्कळदा सांगायची."

"त्यांना काही त्रास झाला का?" व्हिनीने विचारलं.

"त्याच आठवड्यात गाव सोडलं तिने. नणंदच नव्हती ना तिला. कोणी चौकशी केली असती तर काय सांगणार होती? रोज गाडीचा आवाज आला की पलंगाखाली शिरायची. इकडे आल्यावरही किती दिवस."

व्हिनी ऐकत होती. मग म्हणाली, "पण त्यांनी मला ओळखलं कसं? मी इतकं सांगत होते, कोणाला पटत नव्हतं. त्यांनी काय बघितलं?"

लुसिंडाने चमचा खाली ठेवला. "खरं सांगू? आईला काही कळलंच नव्हतं. ती म्हणायची, 'ती पोरगी कोण होती देव जाणे. गोरी असेल, आपली असेल. मी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, मी भिंतीपाशी उभी असलेली तीन पोरं बघितली.'"

मी व्हिनीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतकी वर्षं तिला एका गोष्टीचा आधार होता की तिथे निदान एका माणसाने तिला ओळखलं. तोही गेला. फडक्याची घडी करत ती म्हणाली, "म्हणजे ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली असेल."

"तिचे हात दिवसभर थरथरायचे थांबले नव्हते म्हणायची," लुसिंडा म्हणाली. "थप्पड मारली ती त्यामुळेच जरा जोरात लागली."

व्हिनी हसली. गालाला हात लावून हसली, आणि मग तिला रडू आलं.

लुसिंडा जेवायला थांबा म्हणाली. कोलार्डची पालेभाजी शिजत होती, वास सुटला होता. व्हिनीने खिडकीतून बाहेर बघितलं. ऊन कलायला लागलं होतं. "नको," ती म्हणाली, "उजेड आहे तोवर निघतो." त्या गावात आता कोणी काही म्हणणार नव्हतं. तरी आम्ही निघालो.

पुन्हा ती तिकडे गेली नाही. पण दर रविवारी चर्चनंतर लुसिंडाचा फोन यायचा, नाहीतर ही करायची. व्हिनी १९८९ मध्ये गेली, तोवर एकही रविवार चुकला नाही. काय बोलत असायच्या ते मी कधी विचारलं नाही. मुरंब्याबद्दल, गुडघ्यांबद्दल, नातवंडांबद्दल असावं. मधूनच लुसिंडा पलीकडून हसायची, ते मला खुर्चीपर्यंत ऐकू यायचं.